एनबीओ की एनब्यो

फळ्यावर तीन स्पॅनिश क्रियापदं लिहून सुमेधाबाईंनी खडू विजयमालेच्या हातात दिला आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. गाणे, विकत घेणे, बोलणे. तिन्हींचे अर्थ विजयमालेला झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. पण अर्थ कुणी विचारतच नव्हतं. शब्दाचे तुकडे पाडायचे होते आणि ज्या तुकड्यावर जोर येतो त्याच्याखाली रेघ ओढायची होती.

तिने 'कान्तार' कापला. का, न्ता, र. मागच्या खुर्चीवर कुणीतरी हसू दाबलं.

"परत देवनागरीत कापलंत," सुमेधाबाई खिडकीजवळूनच म्हणाल्या. "जोडाक्षर कागदावर एकत्र दिसतं. तोंडात नसतं. कान्, तार. दोनच तुकडे."

तिने ते खोडून दुरुस्त केलं. मग 'कोम्प्रार' आला. आता शहाणपण येऊन तिने जोडाक्षर पार मोडूनच टाकलं: कोम्प्, रार. तेही चूक. म् मागच्या तुकड्यात जायचा आणि प्र अखंड पुढे. तिसऱ्याला, 'आब्लार'ला, तिने ब आणि ल यांची ताटातूट केली. तिथं ती करायचीच नव्हती. राहिला जोर. शाळेत वृत्तं शिकताना डोक्यात बसलेलं की जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, म्हणजे जड. तेव्हा तिने सरळ पहिल्या 'आ'खाली रेघ ओढली. जोर शेवटच्या 'ब्लार'वर होता.

"विजयमाला, तुम्हाला ऐकू येत नाही, की तुम्ही ऐकत नाही?" बाईंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

वाशीतल्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर सुमेधा कारखानीसांच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. सोफा भिंतीला सरकवून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असत. बाकीचे विद्यार्थी विशी-बाविशीतले होते, हॉटेल मॅनेजमेंट करणारे, नाहीतर बोटीवर जायचं मनात असलेले. बाई टेबलावर बोटाने ठोकून दाखवत, ती मुलं तशीच ठोकत आणि जोर बरोबर शोधून काढत. विजयमाला साळुंखे छत्तिशीची, साताऱ्याकडची, लग्न होऊन शिरवण्यात आलेली. तीही ठोकायची. तिचे सगळे ठोके सारखेच पडायचे.

ती इथवर आली होती ती ऑफिसमुळे. हौसेराव निकमांची कंपनी माकुल, म्हणजे स्क्विड, गोठवून परदेशी पाठवायची. कारखाना तळोज्याला आणि ऑफिस वाशीला. गंमत म्हणजे निकमसाहेब स्वतः कऱ्हाडकडचे, गळ्यात माळ घातलेले. मासळीचा वाससुद्धा त्यांना सोसत नसे. पण धंदा उत्तम करायचे. त्यांचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक स्पेनमधल्या बिगो बंदरातलं. तिथला रामोन नावाचा मॅनेजर इंग्रजीला हात लावत नसे. त्याचे टेलेक्स स्पॅनिशमध्ये यायचे, ते फोर्टातल्या एका भाषांतरकाराकडे पाठवावे लागायचे आणि उत्तर हातात पडेपर्यंत दोन दिवस जायचे. ब्याण्णव-त्र्याण्णव असंच गेलं. शेवटी साहेब एकदा वैतागून म्हणाले की ऑफिसातल्या कुणीतरी ही भाषा शिकून घ्या. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. विजयमाला म्हणाली, "मी शिकते."

ती टेलेक्सवर बसायची. लग्नाआधीपासून दुसऱ्यांचे निरोप टाइप करत आलेली. निरोप कुणाचे, कशासाठी, याच्याशी तिचा संबंध नसायचा. बोटं तिची, शब्द लोकांचे. बिगोचा पत्रव्यवहार आपल्याकडे आला तर आपल्याला विचारल्याशिवाय पुढचं काम अडेल, या विचाराने तिला पहिले काही महिने असा हुरूप होता की भाजी निवडतानासुद्धा ती क्रियापदं म्हणायची. तिचा नवरा मानसिंग कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होता. तो पहाटे जायचा, त्यामुळे दोघांची गाठ रात्रीच्या जेवणालाच पडायची. त्याला ती भाकरी वाढता वाढता 'मी खातो, तू खातोस, तो खातो' ऐकवायची आणि तो म्हणायचा, "खाऊ तर दे."

अर्थ भराभर आले. रूपं पाठ झाली. परीक्षेच्या कागदावर तिला त्या मुलांपेक्षा जास्त मार्क पडत. आणि मग तुकडे आणि जोर सुरू झाले, तिथं तिची गाडी रुतली ती रुतलीच.

नियम तिला येत होते. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्यावर. जोर या नियमांबाहेर पडत असेल तर अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ देतात, तिथं. नियम लावून ती उत्तर काढायची, जसं बीजगणितात काढतात. पण ते उत्तर कानाला पटायचं नाही. 'आब्लो', मी बोलतो, जोर पहिल्यावर. 'आब्लो', तो बोलला, जोर शेवटच्यावर. बाई दोन्ही म्हणून दाखवायच्या. मुलं माना डोलवायची. विजयमालेला एकच शब्द दोनदा ऐकू यायचा.

मराठीत 'बोललो' कसंही म्हटलं तरी बोललोच असतं, असं ती एकदा चिडून म्हणाली. बाई म्हणाल्या, म्हणूनच तर शिकायचं.

एकदा मात्र थोडं उजाडलं. ती शिरवण्यात ज्यांच्या घरात भाड्याने राहायची त्या मालतीबाई, गावच्या जुन्या आगरी घरातल्या. त्यांचे यजमान गोटीराम यांनी भातशेती गेल्यावर दोन मजली घर बांधून खाली भाडेकरू ठेवले होते. एका संध्याकाळी विजयमाला ओट्यावर बसून 'येगार' म्हणजे पोचणे, या क्रियापदाशी झुंजत होती. 'येगो', जोर पहिल्यावर, म्हणजे मी पोचतो. 'येगो', जोर दुसऱ्यावर, म्हणजे तो पोचला. तेवढ्यात मालतीबाईंनी समोरून येणाऱ्या पुतणीला जवळ बोलावलं, "ये गो." आणि पुतणीच्या मागे, पार गल्लीच्या टोकाला राहिलेल्या तिच्या मैत्रिणीला हाक मारली, "ये गोऽ!"

विजयमालेने मान वर केली. पहिल्यात ये ठसठशीत होता. दुसऱ्यात सगळा जोर 'गो'वर जाऊन आदळला होता. तिने मालतीबाईंना तीच हाक पुन्हा मारायला लावली. "कोनाला मारू? सगल्या आयल्या," त्या म्हणाल्या, पण मारली.

पुढच्या वर्गाला ती जवळजवळ धावत गेली आणि 'येगो'ची दोन्ही रूपं तिने बिनचूक म्हणून दाखवली. सुमेधाबाई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. मग त्यांनी फळ्यावर 'एनब्यार' लिहिलं, म्हणजे पाठवणे, आणि सगळं पुन्हा मुसळ केरात गेलं.

कारण या शब्दात नुसता जोर सरकत नव्हता, तुकडेच बदलत होते. मी पाठवतो, तेव्हा 'एन-बी-ओ', तीन तुकडे, जोर मधल्या बीवर. त्याने पाठवलं, तेव्हा 'एन-ब्यो', दोनच तुकडे, जोर शेवटी. निदान लिहिताना तरी फरक दिसतो म्हणून तिने सुटकेचा श्वास सोडला. पण लगेच बाईंनी शेजारी 'बदलणे' लिहिलं. तिथं 'मी बदलतो' हे 'काम-ब्यो' होतं, दोन तुकडे, 'काम-बी-ओ' नव्हे.

"शेवट तर दोघांचा सारखाच आहे. मग एकात बी आणि ओ सुटे, आणि दुसऱ्यात चिकटलेले, असं का?" तिने विचारलं.

"त्याला कारण नाही. एकेक क्रियापद पाठ करायचं."

कारण नाही. विजयमालेला वाटलं की आतापर्यंत पाठ केलेल्या नियमांची कुणीतरी आपल्यासमोर होळी केली. जिथं नियम होता तिथं कान साथ देत नव्हता, आणि जिथं नियमच नव्हता तिथं सगळी भिस्त कानावर. त्या संध्याकाळी घरी आल्यावर कुकरच्या शिट्या ऐकतानाही ती कुठल्या शिट्टीला जोर आहे ते शोधत बसली. मग स्वतःचाच राग येऊन तिने गॅस बंद केला. भात कच्चा राहिला.

आणि नेमका त्याच शब्दाने तिचा घात केला.

एका बुधवारी सकाळी बिगोहून टेलेक्स आला. तीन शब्द: ETIQUETAS ENVIO LUNES. एतिकेतास म्हणजे लेबलं. लुनेस म्हणजे सोमवार. माकुलाच्या खोक्यांवर स्पॅनिशमधली लेबलं चिकटवल्याशिवाय माल तिकडे उतरून घेत नसत आणि ती लेबलं या वेळी रामोनचं ऑफिस तिकडेच छापून कुरिअरने पाठवणार होतं. प्रश्न एवढाच होता की ती या सोमवारी निघाली आहेत, की येत्या सोमवारी निघणार आहेत. निघाली असतील तर शुक्रवारपर्यंत पोचतील, थांबायचं. निघायची असतील तर थांबून उपयोग नाही, इथंच तुर्भ्याच्या प्रेसमधून छापून घ्यायची, कारण शनिवारी न्हावा-शेव्याहून बोट सुटत होती.

मी पाठवतो, की त्याने, म्हणजे तिथल्या दुसऱ्या कुणीतरी, पाठवली. एनबीओ, की एनब्यो. टेलेक्सच्या यंत्रावर नुसती मोठी अक्षरं उमटतात. जोर कुठं आहे हे सांगणारी ती डोक्यावरची रेघ त्या यंत्राला ठाऊकच नाही.

विजयमालेने हे साहेबांना समजावून सांगितलं. निकमसाहेबांना ते पटलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "मग फोन लावा आणि विचारा. त्यासाठीच शिकताय ना?"

दुपारी, तिकडे ऑफिसं उघडल्यावर, फोन लागला. टेबलाभोवती साहेब, तळोज्याहून आलेला कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर, आणि अकाउंटवाले, सगळे उभे. कुणी विजयमालेला स्पॅनिश बोलताना ऐकलं नव्हतं. तिने वाक्य आधी मनात घोळवून ठेवलं होतं. मी पाठवतो, किंवा त्याने पाठवली, यांतलं काय? पण 'किंवा'ला स्पॅनिशमध्ये 'ओ' म्हणतात. तिच्या तोंडून 'एनबीओ ओ एनब्यो' निघालं ते असं, की तिला स्वतःलाच त्यात ओच्या ओकाऱ्यांशिवाय काही ऐकू आलं नाही.

पलीकडून रामोन भरभर काहीतरी बोलला. त्यात तो शब्द आला. दोनदा आला. 'सी, सी,' मग तो शब्द, मग 'लुनेस, लुनेस.' फोनमध्ये समुद्रासारखी खरखर होती. तिने कानावर रिसीव्हर इतका दाबला की कान दुखला. आणि फोन ठेवला गेला.

"काय म्हणाला?"

सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला माहीत होतं की तिला कळलेलं नाही. तीन तुकडे होते की दोन, जोर मध्ये होता की शेवटी, यातलं एकही शपथेवर सांगता आलं नसतं. पण 'कळलं नाही' हे दोन शब्द तिच्या जिभेवर येईनात. दीड वर्ष ती वर्गाला जात होती.

"पाठवलीत म्हणाला," ती म्हणाली. "सोमवारीच निघाली."

"नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी लेबलं आली नाहीत. शनिवारी बोट गेली. लेबलं येत्या सोमवारी निघायची होती आणि त्याप्रमाणे ती निघालीही. माल तळोज्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तसाच पडून राहिला, आणि पुढच्या बोटीची वाट बघत बिगोचे ताशेरे ऐकत बसायची पाळी आली. निकमसाहेब ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं शिपायाला सांगितलं की उद्यापासून बिगोचे टेलेक्स पूर्वीसारखे फोर्टात न्यायचे. विजयमाला समोरच बसली होती. तिच्याशी ते एक अक्षर बोलले नाहीत.

त्या रात्री मानसिंग जेवत असताना तिने त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेऊन तो म्हणाला, "आगं, मग म्हनायचं की, कळलं न्हाई म्हनून."

"सगळे माझ्याकडं बघत होते."

"बघंनात का."

त्याला ते एवढं सोपं वाटावं याचाच तिला संताप आला. तिने त्याच्या ताटात न विचारता आमटी ओतली आणि ती आत निघून गेली. पण खरी गोष्ट तीच होती, हे तिला आत गेल्यावर कळलं आणि मग संताप स्वतःवर वळला, तिथून सुमेधाबाईंवर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वर्गाच्या वेळेआधीच पोचली. बाई खुर्च्या मांडत होत्या. विजयमालेने बसायच्या आतच झालेलं सांगितलं आणि शेवटी म्हणाली की आपण उद्यापासून येणार नाही.

बाईंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. "तुम्ही त्याला 'कुणी?' असं का नाही विचारलंत? क्येन? तो 'मी' म्हणाला असता नाहीतर कुणाचं नाव तरी घेतलं असतं. जोर ऐकायची गरजच नव्हती."

विजयमाला त्यांच्याकडे बघत राहिली. इतकं साधं होतं ते. कुणी? एक शब्द. तो तिला पहिल्या महिन्यापासून येत होता.

"तुम्ही आम्हाला शब्द कापायला शिकवलं, बाई," ती म्हणाली. "विचारायला नाही शिकवलं."

खालच्या बागेतून मुलांचा गोंगाट येत होता. मग सुमेधाबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचे वडील वकिलातीत कारकून होते. बाई चार वर्षांच्या असताना ते सगळे मेक्सिकोला गेले. शेजारच्या पोरांशी भांडता भांडता त्या ही भाषा बोलायला लागल्या. जोर कुठं असतो, हे त्या कधी शिकल्याच नव्हत्या.

"मला तो ऐकू येतो. माझं नाव मला ऐकू येतं तसा," त्या म्हणाल्या. "ज्याला येत नाही त्याला तो कसा ऐकू यायला लागतो, हे मला माहीत नाही. ती मुलं लहान आहेत, इंग्रजी शाळांतली, त्यांना आपोआप येतो. तुम्हाला नाही आला तेव्हा मी नियम सांगत राहिले. माझ्याजवळ तेवढंच होतं."

इतके दिवस विजयमालेला वाटत होतं की बाईंजवळ काहीतरी आहे आणि त्या ते देत नाहीत. ते त्यांच्याजवळ नव्हतंच, हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. उलट जास्तच एकटं वाटलं.

"घात फोनवर झाला ना? मग फोनवरच करू," बाई थोड्या वेळाने म्हणाल्या. "तुमच्या घरी फोन आहे?"

घरी नव्हता. मालतीबाईंकडे होता.

तेव्हापासून, ज्या दिवशी वर्ग नसेल त्या दिवशी संध्याकाळी मालतीबाईंच्या ओटीवरचा फोन वाजायचा आणि त्या दारातून हाक द्यायच्या. बाई पलीकडून एकच शब्द म्हणायच्या. विजयमालेने सांगायचं, कोण पाठवतंय. मी की तो. बाई बरोबर किंवा चूक एवढंच म्हणायच्या आणि पुढचा शब्द. नियम नाही, रेघ नाही, कापणं नाही. पहिले कित्येक दिवस तिची उत्तरं नाणं उडवून दिल्यासारखी होती. फोन ठेवताना तिला रडू यायचं. एकदा तर सलग इतक्या चुका झाल्या की पलीकडे बाईंनाही राहवलं नाही. त्या म्हणाल्या, आज आपण दोघीही थकलो आहोत, आणि त्यांनी फोन ठेवून दिला. विजयमाला रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली.

"ती बाय रोज तुला एकच काय इचारते गो?" मालतीबाईंनी एक दिवस विचारलं.

"पाठवलं की पाठवायचंय ते विचारते, काकू."

"मंग एकदा सांगून टाक ना, सुटशील."

विजयमालेला हसू आलं, पण त्यात काही गोडवा नव्हता. सांगता आलं असतं तर तिला हवंच होतं.

पुढं काय बदललं ते तिला नीट सांगता आलं नसतं. एके दिवशी अचानक उजेड पडला, असं काही झालं नाही. एवढंच की ती जोर शोधायचं सोडून लांबी ऐकायला लागली. एकात मध्ये थोडी रेंगाळणारी बी असायची, दारात पाय अडकल्यासारखी. दुसरा शब्द झटकन निघून जायचा आणि शेवटी आपटायचा. चुका होत राहिल्या. पण आता उत्तर देण्याआधीच तिला समजायचं की हे आपण ठोकून देतोय की ऐकून सांगतोय. आणि जेव्हा ठोकून द्यायची वेळ येई तेव्हा ती म्हणायची, "नाही कळलं, परत म्हणा." बाई परत म्हणायच्या.

पावसाळा सरला. ऑफिसात बिगोचे टेलेक्स तिच्याच यंत्रावर उमटायचे. ती ते फाडायची आणि न वाचल्यासारखं करून शिपायाच्या हातात द्यायची. खरं तर प्रत्येक शब्द वाचलेला असायचा. हे फार जिव्हारी लागायचं. फोर्टातून दोन दिवसांनी जे इंग्रजी यायचं ते तिला आदल्याच दिवशी माहीत असायचं, पण तिला विचारायचं कुणाच्या मनात येत नसे आणि स्वतःहून सांगायचं तोंड तिला राहिलेलं नव्हतं.

मग एका गुरुवारी दुपारी रामोनचाच फोन आला. तपासणीचे सही-शिक्क्याचे कागद तिकडून यायचे होते, त्यांच्याशिवाय पुढचा माल निघत नव्हता. साहेबांनी फोन उचलला, दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं, आणि नाइलाजाने रिसीव्हर तिच्याकडे दिला. फोनवरचं बोलणं फोर्टात पाठवता येत नाही.

खरखर तीच होती. रामोन तसाच भरभर बोलत होता. कागद, मग तो शब्द, मग शुक्रवार. शब्द झटकन गेला आणि शेवटी आपटला. दोन तुकडे. विजयमालेला ऐकू आलं होतं, पण तिने स्वतःवर विश्वास ठेवला नाही. तिने विचारलं, "क्येन?" कुणी?

"इनेस," रामोन म्हणाला. आणि मग, बहुधा तिला भाषा येते असं बघून, जरा सावकाश म्हणाला की इनेसनेच गेल्या शुक्रवारी स्वतः कुरिअरला दिले, अजून मिळाले नाहीत का?

फोन ठेवून तिने साहेबांना सांगितलं की कागद गेल्या शुक्रवारीच निघालेत, एव्हाना इथं असायला हवेत.

"नक्की?" साहेब म्हणाले. आणि तिच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "मागच्या वेळीही नक्कीच होतं."

ते तिच्या वर्मी बसलं. पण ती गप्प राहिली नाही. "मागच्या वेळी मला कळलं नव्हतं, साहेब," ती म्हणाली. "मी अंदाजाने सांगितलं. या वेळी कळलंय. आणि विचारूनही घेतलंय."

अकाउंटवाल्यांनी मान वर केली. विजयमालेने वाशीतल्या कुरिअरच्या काउंटरला फोन लावला. तिथल्या मुलीने आधी नाही म्हणून सांगितलं, मग धरा म्हणाली, मग बऱ्याच वेळाने येऊन म्हणाली की पाकीट मंगळवारपासून इथंच पडलंय, पत्त्यात सेक्टरचा नंबर नाही. शिपाई जाऊन घेऊन आला. निकमसाहेबांनी पाकीट फोडलं, कागद उलटेपालटे करून बघितले, आणि आत निघून गेले. शाबासकी नाही, एक बरा शब्द नाही. संध्याकाळपर्यंत तिला वाटत होतं की ते केबिनमधून बाहेर येऊन काहीतरी म्हणतील. ते मागच्या दाराने घरी गेले.

घरी तिने मानसिंगला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बरं झालं. फोनवर सुमेधाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकू आलं होतं ना? विचारण्याआधी?"

"आलं होतं."

"बास."

पुढच्या सोमवारी बिगोचा लांबलचक टेलेक्स आला. विजयमालेने तो फाडून शिपायाला द्यायला हात पुढे केला, तर शिपाई म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, आधी तुमी बघा, मग फोर्टात. म्हणजे विश्वास पुरता बसला नव्हता. निम्माच परत आला होता, आणि तोही शिपायाच्या तोंडून. तिला बरं वाटलं आणि चीडही आली, दोन्ही एकदमच.

तिने कागद टेबलावर पसरला आणि वाचायला घेतला. पहिली ओळ सरळ होती. दुसरीही. तिसरीत एक क्रियापद होतं, चालू ठेवण्याबद्दलचं, जे तिने फक्त एकदा फळ्यावर पाहिलं होतं. त्याचा जोर कुठं धरायचा यावर ठरणार होतं की तपासणी चालूच राहणार आहे की ती झालेली आहे. तिने ते तीनदा मनात म्हटलं. दोन तऱ्हेने कापून पाहिलं. दोन्ही अर्थ बसत होते.

ती उठली आणि केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. आत तळोज्याचा सुपरवायझरही बसला होता. दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"साहेब, तिसरी ओळ मला कळली नाही," ती म्हणाली. "बिगोला फोन लावून विचारते."

निकमसाहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले की तिकडं ऑफिस उघडायला अजून अवकाश आहे, दुपारी लावा.